घरच्या घरी ध्वनिमुद्रण : लेखांक ७
दोन माईक, एक गळा

मागच्या आठवड्यात आपण एक माईक गळ्यासाठी, एक पेटीसाठी लावून अभंग मुद्रित केला. दोनच माईक अपुरे वाटत असतील, तर ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ सालचा ‘नेब्रास्का’ ऐका. गिटार आणि गळा, घरच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर. आपल्याकडे तर ऑडॅसिटी आहे, आणि ती फुकट आहे.

आता मिक्सिंग. गळ्याचा ट्रॅक एकटा ऐकला तर आवाज भरदार लागतो. पेटीचा ट्रॅक सोबत सुरू केला की तोच आवाज पोकळ होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. माझ्या मामांचं गाणं असंच झालं, तेव्हा मी दोन दिवस ईक्यू फिरवत बसलो. बास वाढवला, तर नुसतं घुमायला लागलं. दोष तिथे नव्हताच.

मामा स्वतः पेटी वाजवत गातात. त्यामुळे पेटीच्या माईकमध्येही गळा शिरतो, पण उशिरा. गळ्याचा माईक ओठांपासून वीतभर, पेटीचा अडीच वितींवर. फरक दीड वितीचा, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणून उशीर एक मिलिसेकंद. ५०० हर्ट्झच्या एका कंपनाला दोन मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका माईकमधला चढ नेमका दुसऱ्यातल्या उतारावर येतो आणि दोघं एकमेकांना खातात. १५०० आणि २५०० हर्ट्झलाही तेच. गळ्याचं अंग आणि शब्दांची धार इथेच असते. जे उरलंच नाही, ते ईक्यू कुठून आणणार?

एक ट्रॅक इन्व्हर्ट करून, म्हणजे त्याचे चढ-उतार उलटवून, भागत नाही. खड्डे १००० आणि २००० हर्ट्झवर सरकतात आणि खर्ज जातो. उपाय साधा आहे. दोन्ही ट्रॅक भरपूर मोठे करून पाहा, एखाद्या ‘प’ किंवा ‘ट’ची सुरुवात दोन्हींत शोधा आणि पेटीचा ट्रॅक तेवढा मागे ओढा. ४४,१०० च्या मुद्रणात एक मिलिसेकंद म्हणजे ४४ सॅम्पल. पेटीला याची थोडी झळ बसते, कारण गळ्याच्या माईकमध्ये शिरलेली पेटी आता आणखी उशिरा पडते. मला ते चालतं. अभंगात शब्द आधी.

एक ट्रॅक डावीकडे, दुसरा उजवीकडे टाकून हा दोष झाकू नका. हेडफोनवर छान वाटेल. पण गाणं शेवटी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार आणि आजी ते फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणार. तिथे दोन्ही बाजू एकत्र आल्या की पत्र्याचा डबा परत येतो. म्हणून मोनो करूनच तपासा, आणि हळू आवाजात.

पुढच्या वेळी पेटीचा माईक ओठांपासून तीन वितींवर ठेवा आणि त्याचा गेन उगाच वाढवू नका. त्यात शिरणारा गळा साडेनऊ डेसिबलने खाली राहतो आणि खड्डे फारसे जाणवत नाहीत.

तबल्याचा ट्रॅक असेल, तर तो तूर्त बंदच ठेवा. डग्गा पुढच्या आठवड्यात.