जाड अक्षराची चाकरी

कामगारांची पत्रके काढण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे अक्षर लांबून वाचता येते की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी शोभेचा कधीच नव्हता. पाळी सुटल्यावर गेटातून बाहेर पडणारा माणूस थांबत नाही. चालता चालता डोळ्यांत शिरेल तेवढेच तो वाचतो.

इंग्रजी जाड अक्षर अशाच गरजेतून निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंतींवर लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती एकमेकींशी झुंजू लागल्या. पुस्तकी टाइप नुसता मोठा करून भागेना. तेव्हा फॅन स्ट्रीटवरील टाइप ओतण्याच्या कारखान्याचा मालक रॉबर्ट थॉर्न याच्यासारख्यांनी अक्षरांचे उभे दंड फुगवले. दंड खांबाएवढा, आडवी रेघ केसाएवढी, आणि टोकांच्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ, त्याही तशाच बारीक! भपका मोठा; पण हलक्या कागदावर, घाईच्या छपाईत नेमकी ती बारीक रेघच दगा देते. १८२० मध्ये थॉर्न वारल्यावर हा कारखाना विल्यम थॉरोगुड याने घेतला, तोही लॉटरीत मिळालेल्या पैशावर! असो.

पुढे याच कारखान्यातून १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ले याने ‘क्लॅरेंडन’ टाइप बाजारात आणला. येथे बारीक रेघेला अंग आले. फळीखाली घोडी बसवावी तशी प्रत्येक सेरिफ दंडाला वळणदार आधाराने जोडलेली. म्हणून खिळा घासला तरी अक्षर उभे राहते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तो साध्या टाइपाच्या ओळीतच बसवता येई. त्यापूर्वी एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर तिरपी किंवा मोठी अक्षरे वापरीत. आता तोच शब्द जागच्या जागी ठळक झाला. १८८४ पासून भागाभागांनी निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात मूळ शब्द क्लॅरेंडनमध्येच आहेत. भिंतीवर ओरडणारे अक्षर कोशात जाऊन वाट दाखवू लागले, असे म्हणा ना!

बेस्लेने हा नमुना कायद्याने नोंदवून तीन वर्षांचे संरक्षण मिळवले. मुदत सरताच इतर कारखान्यांनी नकला काढल्या. १८६९ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. पण ही अक्षरे पोलादाच्या टोकावर उलटी कोरली ती बेंजामिन फॉक्स या कारागिराने. कोरलेले पोलाद कडक करून तांब्यावर ठोकायचे, त्या साच्यात शिसे ओतायचे, तेव्हा कोठे खिळा तयार होई. फॉक्सचे नाव छपाईच्या जाणकारांपलीकडे कोणाला ठाऊक आहे?

आपल्या देवनागरीला सेरिफ नाहीत, शिरोरेखा आहे. तिथे संगणकाचे बटण दाबून नुसती जाडी वाढवली, की ‘क्ष’ची गाठ बुजते आणि ‘ष’चे पोट भरून जाते. म्हणून चांगले जाड देवनागरी अक्षर वेगळेच आखावे लागते: पोकळी राखून, रेघा जिथे मिळतात तिथे बारीक करून. पत्रकाचा मथळा निवडताना मी तो हातभर लांब धरतो आणि आधी ‘ष’ पाहतो.