संज्ञा आणि व्याख्या : डीबगरमधील प्रकारदर्शन

कोणत्याही शास्त्रात संज्ञा आणि तिची व्याख्या या दोन भिन्न गोष्टी होत. संज्ञा परिचयाची झाली की व्याख्या तपासण्याची तसदी आपण घेत नाही, आणि प्रमाद तेथेच शिरतो. भाषेचा अभ्यासक आज आपली सामग्री संगणकावर साठवितो. तेव्हा संगणकातील संज्ञांच्या व्याख्याही त्यास उकलून पाहता आल्या पाहिजेत. त्या कामाचे एक साधन येथे थोडक्यात विशद करावयाचे आहे.

प्रथम उदाहरण पाहू. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील बोलींच्या नोंदींसाठी मी वर्गात 'सी' भाषेत एक लहानशी आज्ञावली रचली होती. तिने छापलेल्या स्थलनामांच्या यादीत 'ठाणे' शुद्ध होते. परंतु 'कल्याण'च्या जागी 'कल्या' आणि 'डोंबिवली'च्या जागी 'डोंबि' अशी रूपे आली. एकही चिन्ह विद्रूप झालेले नव्हते. एका विद्यार्थ्याने तर हा बोलीतील अंत्यलोप असावा, असा तर्क केला. नावे सर्वांच्या परिचयाची, म्हणून तो तर्क टिकला नाही. अपरिचित बोलीशब्दांच्या बाबतीत तो कदाचित टिकला असता.

अशा वेळी डीबगर उपयोगी पडतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला 'जीडीबी' हा या वर्गातील प्रसिद्ध डीबगर होय. त्यात केवळ टंकलिखित आज्ञा देऊन प्रश्न विचारावयाचे असतात. 'व्हॉटइज' ही आज्ञा चलाच्या प्रकाराचे नाव सांगते. आमच्या चलाविषयी तिने 'नोंद' एवढेच उत्तर दिले. म्हणजे संज्ञेच्या जागी दुसरी संज्ञा मिळाली. 'पीटाइप' ही आज्ञा मात्र उपनामांचे पदर उलगडून मूळ व्याख्या पुढे ठेवते. तिच्या उत्तरावरून असे दिसले की, 'नोंद' ही एक संरचना असून तीत नावासाठी 'कॅर' या प्रकारच्या १६ घरांची ओळ आणि क्रमांकासाठी एक पूर्णांक आहे. 'ओ' हा पर्याय जोडल्यास प्रत्येक घटकाचे स्थान व आकारमानही कळते.

रहस्य 'कॅर' या नावात होते. ते अक्षराचे सूचक वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ एक बाइट इतकाच. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'ठाणे' या शब्दात २ अक्षरे, ४ चिन्हे, म्हणून १२ बाइट. 'कल्याण'मध्ये ३ अक्षरे, परंतु हलन्तचिन्ह व काना धरून ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. 'डोंबिवली'मध्ये ४ अक्षरे, ८ चिन्हे, २४ बाइट. शेवटचे घर समाप्तिचिन्हासाठी राखल्याने नावास १५ बाइटच उरले, आणि त्यांत नेमकी ५ चिन्हे बसली. १५ या संख्येस ३ ने निःशेष भाग जातो. म्हणूनच छेद चिन्हाच्या सीमेवर पडला आणि दोष शुद्ध रूपाच्या वेषात वावरला.

'सी++' भाषेतील वर्गाविषयी विचारल्यास 'पीटाइप' त्याचा पूर्ववर्ग, घटक, पद्धती आणि त्यांची खुली अथवा खाजगी मर्यादा दाखविते. पूर्ववर्गाच्या दर्शकामागे प्रत्यक्षात उपवर्गाची वस्तू असू शकते. शब्दाची कोशातील जात आणि वाक्यातील त्याचे कार्य यांत जो भेद आपण मानतो, त्याच्याशी याचे साम्य आहे. वर्गात आभासी पद्धती असल्यास 'सेट प्रिंट ऑब्जेक्ट ऑन' या आज्ञेनंतर वस्तूचा खरा प्रकार दिसतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ही माहिती संकलकाने नोंदविलेली असते. संकलनाच्या वेळी 'जी' हा पर्याय दिला नसेल, तर स्वतः घडविलेल्या प्रकारांची व्याख्या सहसा हाती लागत नाही. दुसरी, 'पीटाइप'ला दिलेली पदावली मोजली जात नाही. केवळ तिचा प्रकार ठरविला जातो, त्यामुळे चालू आज्ञावलीच्या स्थितीस धक्का लागत नाही.

अर्थात् डीबगर रचना सांगतो, रचनाकाराचा हेतू सांगत नाही. १६ घरे आहेत हे त्याने दाखविले. ती १६ अक्षरांची आहेत ही समजूत माझी होती. यादीतील रूपांवरून बोलीचा नियम मांडण्यापूर्वी, ती रूपे ज्या पेटीत ठेविली तिचे माप पाहणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.