जुन्या ग्राइंडरची परीक्षा

सुताराची पटाशी, रंध्याचें पातें, लोखंड तोडण्याची छिन्नी, यांपैकीं कोणतेंहि हत्यार धारेवांचून व्यर्थ होय. म्हणूनच घरीं लहानशी कर्मशाळा थाटणाऱ्या गृहस्थाची दृष्टि जुन्या बाजारांतील ग्राइंडरकडे वळते. मध्यें विजेची मोटर आणि तिच्या आंसाच्या दोन टोकांस एकेक सहाणेचें चाक, एवढेंच हें यंत्र. तें बहुधा बिडाचें व भक्कम असतें. थोडी दुरुस्ती केली कीं पुनः कामास लागतें. परंतु त्यावरील चाकाचा पूर्वेतिहास कोणासच ठाऊक नसतो, आणि खरा धोका त्या चाकांतच असतो.

भारतांतील विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असल्यामुळें अशा यंत्राचा आंस मिनिटास सामान्यतः २,८५० च्या आसपास फेरे घेतो. सहा इंच व्यासाच्या चाकाची कड त्या वेळीं ताशीं ८० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असते. त्याच आंसावर आठ इंची चाक चढविलें, तर चाकावरील ताण जवळजवळ पावणेदोनपट होतो. चाक कांहीं धातूचें नव्हे. कठीण कण मातीच्या बंधानें भाजून तें घडविलेलें असतें. त्यास तडा असेल, तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. यास्तव चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मोटरीच्या फेऱ्यांहून कमी असतां कामा नये. चाकाच्या सुरक्षित वेगाची सूचना यंत्राजवळ लावण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमांतच केलेली होती. कारखान्यांत निरीक्षक येतो. घरीं तें काम मालकासच करावें लागतें.

पुष्कळ जण जुनें यंत्र आणतांच रंगाचा डबा उघडतात. हें आधीं कळस मग पाया असें होय. प्रथम विजेची जोडणी पाहावी. जीर्ण तार काढून तीन पदरी तार घालावी आणि तिसरा पदर यंत्राच्या अंगास जोडून भूमिगत करावा. मोटरीच्या वेटोळ्यांचें वेष्टण जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें. नंतर आंस हातानें फिरवून पाहावा. खरखर लागल्यास बेअरिंग बदलावें. त्याचा क्रमांक त्याच्याच कडेवर कोरलेला असतो. चाकें उतरवितांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात. तसे नसते तर फिरतां फिरतां तो नट आपोआप सैल झाला असता.

आतां चाकाची परीक्षा. मडकें घेतांना गृहिणी जसें तें बोटानें वाजवून पाहते, तसेंच येथें करावयाचें. चाक कोरडें व स्वच्छ करून मधल्या भोंकांतून टांगावें आणि लांकडी मुठीनें कडेपासून एक-दोन इंच आंत हलकेच ठोकावें. चाक थोडें थोडें फिरवून चारी बाजूंस असें करावें. खणखणीत नाद निघाला तर ठीक. बद्द आवाज आला तर तें चाक फोडून टाकावें, म्हणजे दुसरा कोणी तें उचलून वापरणार नाहीं.

निर्दोष चाक बसवितांना दोन्ही अंगांस कागदी चकत्या व सारख्या व्यासाच्या तबकड्या असाव्या. नट बेताचाच आवळावा. हत्यार टेकण्याची पट्टी चाकापासून तीन मिलिमीटरांहून दूर नसावी. अधिक फट राहिल्यास हत्यार आंत ओढलें जातें. झांकण कधींहि काढूं नये. यंत्र सुरू करून प्रथम मिनिटभर बाजूस उभें राहावें. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. हातमोजे, उपरणें, सैल बाह्या मात्र नकोत, कारण फिरतें चाक त्यांना पकडतें.

चाकाची निवडहि धातु पाहून करावी. पोलादासाठीं कृत्रिम कुरुंदाचें, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचें, चाक योग्य. ॲल्युमिनियम किंवा पितळ त्यावर घांसूं नये. मऊ धातु कणांच्या फटींत भरतो, चाक तापतें आणि फुटण्याचा संभव वाढतो. सपाट चाकाच्या बाजूवर दाब देऊं नये. काम कडेवरच करावें.

धार लावतांना हात हलका ठेवावा आणि पातें वारंवार पाण्यांत बुडवावें. साध्या पोलादावर निळी झांक दिसली, कीं त्याचें पाणी उतरलें असें समजावें. मग ती धार कितीहि तीक्ष्ण दिसली तरी टिकत नाहीं. तेवढा भाग सावकाश घांसून काढावा लागतो.

एवढी तपासणी एका दुपारचें काम आहे. तिच्यांत चाक नापास झालें, तर नवें विकत मिळतें. डोळा विकत मिळत नाहीं.