रिसेप्शनवर कोणी नाही, मग इंटरकॉम कुठे वळवायचा?

दिवाळीपासून मेअखेरपर्यंत मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यातल्या लॉजांमध्ये सकाळची वेळ सर्वांत धावपळीची. स्कूबाला जाणारे निघालेले असतात, नाश्त्याची घाई असते, चेक-आउटची बिलं व्हायची असतात. रिसेप्शनवरचा माणूस बॅगा गाडीत चढवायला बाहेर गेला की खोल्यांमधून येणारे फोन तिथे नुसते वाजत राहतात. मग कोणीतरी सुचवतं, 'किचनला डायव्हर्ट लावून टाक.' दुसऱ्या दिवशी पुण्याहून बुकिंगसाठी आलेला फोनही मिक्सरच्या घरघराटात आचारी उचलतो. वैतागून डायव्हर्ट काढला जातो, आणि खोलीतला पाहुणा पुन्हा ताटकळतो.

पहिला गैरसमज इथेच आहे: डायव्हर्ट लावला की सगळेच फोन जाणार. फोन कुठून आला हे ईपीएबीएक्सला, म्हणजे लॉजच्या फोन एक्स्चेंजच्या मशीनला, नेहमीच माहीत असतं. खोलीतला फोन एक्स्टेंशनच्या पोर्टवरून येतो, बाहेरचा फोन 02365 च्या लँडलाइनवरून, म्हणजे ट्रंकवरून. त्यामुळे बऱ्याच मशीनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या फोनसाठी डायव्हर्टची वेगळी सोय असते. शिवाय डायव्हर्ट केव्हा लागू व्हावा हेही निवडता येतं: कायम, लाइन बिझी असताना, किंवा कोणी उचललं नाही तरच. आमच्याकडे सर्रास 'कायम' लावून ठेवतात आणि फसतात. लॉजला बहुतेक वेळा हवा असतो तो शेवटचा पर्याय, तोही फक्त आतल्या फोनांसाठी. रिसेप्शनवर माणूस असेल तर तोच उचलेल, नसेल तरच किचनमध्ये घंटा वाजेल.

उचललं नाही म्हणजे किती वेळ, हे मशीन सेकंदांत मोजतं. आपल्याकडची फोनची जोडघंटा साधारण तीन सेकंदांत एकदा वाजते. म्हणजे पंधरा सेकंद ठेवले तर पाहुण्याला पाच वेळा 'ट्रिंग ट्रिंग' ऐकावं लागतं, आणि मग किचनमधली घंटा सुरू होते. बाथरूममध्ये पाणी आलं नाही म्हणून ओल्या अंगाने फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला हा वेळ फार मोठा असतो. माझ्या मते दहा सेकंद पुरेत.

याच्या पुढची पायरी म्हणजे कोण फोन करतंय त्यावरून वाट बदलणं. खोल्यांचा फोन किचनला जावा, पण किचनने रिसेप्शनला केलेला फोन परत किचनलाच येऊन काय उपयोग? तो मालकाच्या घरच्या एक्स्टेंशनवर जायला हवा. ही सोय प्रत्येक मशीनमध्ये नसते. 'आमचं मशीन जुनं, त्यात हे जमायचं नाही' हे म्हणणं इथे निम्मं खरं आहे. जुन्या मशीनमध्ये साहेब-सेक्रेटरीची सोय, फोनचे गट, दिवस आणि रात्रीचं वेगळं वेळापत्रक यांतून बरंच साधतं. नवं मशीन घेण्याआधी जुन्याचं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक टेक्निशियनकडून मागून घ्यावं. आयपी एक्स्चेंजवर मात्र हे काम सरळ आहे. अ‍ॅस्टरिस्कसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये 'नंबर 200 ला फोन आला आणि करणारा 205 असेल तर' असा नियम एका ओळीत लिहिता येतो.

'फोनची वायर काढली की डायव्हर्ट गेला' असंही ऐकायला मिळतं. साध्या ईपीएबीएक्समध्ये डायव्हर्ट मशीनच्या मेमरीत असतो, फोनच्या डबड्यात नाही. आयपी फोनवर तो दोन्ही ठिकाणी लावता येतो, आणि तिथेच घोळ होतो: एक्स्चेंज एकीकडे पाठवतं, फोन दुसरीकडे. एकाच जागी लावा, शक्यतो एक्स्चेंजमध्ये. पावसाळ्यात वारंवार लाइट गेल्यावर सेटिंग पुसली जातात, हीसुद्धा बहुतेक वेळा चुकीची समजूत. सेटिंग टिकतात, आतली छोटी बॅटरी संपली असेल तर घड्याळ चुकतं. मग रात्रीचं वेळापत्रक भर दुपारी लागू होतं आणि दोष प्रोग्रॅमिंगला दिला जातो.

सर्वांत महागात पडणारी समजूत मोबाइलबद्दल आहे. खोलीतला फोन मालकाच्या मोबाइलवर वळवला तर तो आतला फोन राहत नाही. मशीन त्यासाठी बाहेरची लाइन उचलतं. लॉजला एकच लँडलाइन असेल, तर तेवढा वेळ बुकिंगवाल्याला एंगेज टोन मिळतो. मालकाच्या स्क्रीनवर लॉजचाच नंबर दिसतो, खोलीचा नाही. त्याहून वाईट म्हणजे साध्या लँडलाइनवर पलीकडे कोणी उचललं की नाही, हे बऱ्याच मशीनना कळतच नाही. नंबर फिरवून झाला की मशीन समजतं, फोन उचलला गेला. मोबाइल आवाक्याबाहेर असल्याची टेप पाहुणा ऐकत बसतो, आणि 'उचललं नाही तर किचन' हा पुढचा नियम कधी लागतच नाही. म्हणून मोबाइल ही शेवटची पायरी ठेवावी, पहिली कधीच नाही.

मोबाइलवरचे डायव्हर्टचे कोड इंटरकॉमवर चालत नाहीत. प्रत्येक कंपनीच्या ईपीएबीएक्सचे कोड वेगळे. आणि कोणी फोनवर '*401 लावून हा नंबर दाबा' म्हणालं तर दाबू नये, हे स्टाफला बजावून ठेवावं. त्या कोडने आपले फोन भामट्याकडे वळवून ओटीपी लाटले जात होते. म्हणूनच दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून मोबाइलवर कोडने डायव्हर्ट लावायची ही सोय बंद करायला लावली.

डायव्हर्टची साखळीही प्रत्येक मशीन वेगळ्या तऱ्हेने हाताळतं. रिसेप्शन किचनला, किचन रिसेप्शनला, असा डायव्हर्ट लागला तर काही मशीन पहिल्याच उडीला थांबतात, काही फोन तोडतात. प्रत्येक वाटेच्या शेवटी एक तरी असा फोन हवा, ज्यावर कुठलाच डायव्हर्ट नाही.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कोणाचंच लक्ष जात नाही ती. पहिल्या मजल्यावरच्या खोल्या 101 पासून सुरू होतात आणि एक्स्टेंशनला तेच नंबर देतात. म्हणजे 101, 102, 108, 112. अग्निशमन, अ‍ॅम्ब्युलन्स, पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्स, आणि देशभरचा आपत्कालीन क्रमांक. रात्री छातीत दुखायला लागलेल्या पाहुण्याने खोलीतून 108 फिरवला तर शेजारच्या खोलीत घंटा वाजेल. ती खोली रिकामी असेल आणि तिचा फोन बंद रिसेप्शनला वळवलेला असेल, तर तोही वाजून थांबेल. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका हॉटेलात 2013 साली आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा 911 फिरवला. बाहेरच्या लाइनसाठी आधी 9 दाबायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं, फोन लागला नाही, आई वाचली नाही. 2018 मध्ये तिथे कायदा झाला की असा फोन आधी कुठलाही आकडा न दाबता लागला पाहिजे.

आपण कायद्याची वाट कशाला बघायची? दारावर 112 असलं तरी एक्स्टेंशन 312 देता येतं, आणि ते फोनशेजारच्या कार्डावर छापता येतं. मग 108 आणि 112 हे दोन नंबर आधी 0 न दाबता थेट बाहेर जातील असं टेक्निशियनकडून करून घ्यावं. त्यांना एसटीडी लॉक लागू होणार नाही आणि रात्रीचा कुठलाही डायव्हर्ट त्यांच्या आड येणार नाही, हेही त्याच्याकडून तपासून घ्यावं.