ब्रँडीवाइन : एक नाव, अनेक टोमॅटो

अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी बी राखून जे टोमॅटो जतन झाले, त्यांत ‘ब्रँडीवाइन’इतकी कीर्ती क्वचितच दुसऱ्या वाणाच्या वाट्याला आली असेल, आणि नावाचा घोटाळाही त्याच्याभोवती तितकाच दाटलेला आहे. फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स या पेढीने १८८९ मध्ये या नावाने जो टोमॅटो बाजारात आणला, तो लाल होता; उलट ज्या गुलाबी, बटाट्यासारख्या पानांच्या वाणाची चव आज रसिक वाखाणतात, तो ओहायोतील बेन क्विझेनबेरी यांना टेनेसीतील एका कुटुंबाकडून मिळाला व त्यांच्यामार्फत सीड सेव्हर्स एक्स्चेंज या संस्थेच्या दफ्तरी दाखल झाला. नाव एक म्हणून वंशही एक, असे मानण्यास एवढ्याने आधार मिळत नाही. पुढे पिवळे, काळे टोमॅटोही याच नावाने विकले जाऊ लागले.

टोमॅटोचे फूल बहुधा स्वपरागित असते. तथापि ज्या वाणात कुक्षी परागकोशांबाहेर डोकावते, तेथे भुंगा परका पराग आणून ठेवतो आणि संकरित बी जुन्याच चिठ्ठीनिशी पुढच्या हाती जाते. बटाटापानांचा गुण अप्रभावी असल्यामुळे, अशा वाणाच्या वाफ्यात दातेरी पानांचे रोप उगवलेच, तर भेसळ फळ धरण्याआधीच उघडकीस येते. इतर वाणांना ही सोय नाही, म्हणून पाकिटावर नावापेक्षा बी कोणाकडून, कोठून व केव्हा आले हा तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. ‘चेरोकी पर्पल’चा तो टिकला आहे: १९९० मध्ये टेनेसीहून निनावी बी टपालाने आले आणि क्रेग लहूलिये यांनी त्यास हे नाव दिले.