जुन्या संगणकाला कोणते लिनक्स मानवेल?

‘विंडोज १०’ला मिळणारे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तरीही अनेक घरांत आणि छोट्या दवाखान्यांत ही प्रणाली अजून वापरात आहे. संगणक चालतो, म्हणजे तो ठणठणीत आहे, असा समज असतो. लक्षणे नसलेल्या उच्च रक्तदाबाचेही असेच असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना गाठले आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्या संगणकांना हा ‘डोस’ मिळाला नव्हता, ते बळी पडले.

बरेच जुने संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स हा मोफत पर्याय आहे. मात्र त्यातली नावे पाहूनच माणूस गांगरतो. लिनक्स हा खरे तर प्रणालीचा गाभा; लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याभोवती मेनू, खिडक्या आणि रोजची अ‍ॅप्स जोडून केलेला तयार संच म्हणजे ‘डिस्ट्रो’. मूळ औषध एकच, गोळ्या निरनिराळ्या. त्यामुळे सर्वांत चांगली कोणती, यापेक्षा आपल्याला कोणती मानवेल, हे पाहावे.

पहिला निकष : दुरुस्त्या किती काळ मिळतील? ‘उबुंटू’च्या एलटीएस आवृत्तीला त्या पाच वर्षे मिळतात. तिच्यावर बेतलेल्या ‘लिनक्स मिंट २२’ला २०२९ पर्यंत पाठबळ आहे. ‘फेडोरा’त नव्या सोयी लवकर येतात, पण एका आवृत्तीचे आयुष्य सुमारे १३ महिन्यांचेच. वारंवार बदल नको असतील, तर पहिल्या दोन बऱ्या.

दुसरा निकष यंत्राच्या ताकदीचा. रॅम ४ जीबीच असेल, तर मिंटची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्यावी. ८ जीबी असेल, तर ‘सिनॅमन’ घ्यावी. दोन्हींत मेनू खालच्या कोपऱ्यात असल्याने विंडोजची सवय असलेल्या ज्येष्ठांना फारसे अडत नाही.

तिसरा निकष कामाचा. इंटरनेट, पत्रे, फोटो, मराठी टंकलेखन हे सारे सहज होते. मात्र ‘टॅली’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’ थेट लिनक्सवर बसवता येत नाही. वैद्यकीय यंत्राला जोडलेला संगणक तर उत्पादकाला विचारल्याशिवाय बदलूच नये.

निवड झाली, की आधी चाचणी. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, काहीही न पुसता, डिस्ट्रो वापरून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासावेत. कायम बसवण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, कारण बसवताना जुना मजकूर पुसला जाऊ शकतो.

लिनक्सही अभेद्य नाही. ‘अपडेट’ची सूचना आली, की ती उद्यावर ढकलू नये.