विमान, रणगाडा, जहाज की कार? स्केल मॉडेल बनवताना सगळ्यात जास्त घाम कुठलं फोडतं?

दिवाळीत किल्ला केला असेल, तर हा सीन तुमच्याही अंगणात झालाय. मातीचा गड, त्यावर उगवलेलं अळीव, वर सिंहासनावर महाराज. आणि पहाऱ्यावरचा मावळा महादरवाज्यापेक्षा उंच! पण कुणालाच काही खटकत नाही, कारण किल्ल्यात प्रमाण बघायचंच नसतं.

स्केल मॉडेलिंगमध्ये मात्र सगळा खेळच प्रमाणाचा. १/७२ म्हणजे खऱ्या वस्तूच्या ७२ पट लहान. सहा फुटी माणूस इथे बरोबर एक इंचाचा होतो. प्लॅस्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे.

आता तुम्ही म्हणाल, जेवढे भाग जास्त तेवढं मॉडेल अवघड. इथेच नवे लोक फसतात. खरा प्रश्न असा असतो, की तुमची चूक लपणार आहे की नाही?

विमानापासून सुरू करू. १/७२ मधलं स्पिटफायर पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर. धड दोन भागांत येतं आणि ते जोडलं की पाठीवरून सरळ एक फट दिसते. गॅरेजवाले गाडीला भरतात तशी लांबी भरायची आणि पॉलिश पेपरने घासायचं. पण घासताना पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेघाही पुसल्या जातात. मग त्या सुईने पुन्हा कोरत बसा. कॉकपिटची काच तर त्याहून खडूस. फेविक्विकसारखा गोंद वापरलात तर त्याच्या वाफेने आतून पांढरा थर धरतो. बी-२५ मिचेलसारख्या विमानाच्या नाकात वजन भरायला विसरलात, तर ते शेपटीवर बसतं. आणि हे कळतं कधी? सगळं चिकटवून झाल्यावर.

रणगाड्यांचं ठरलेलं स्केल १/३५. हा विचित्र आकडा आला कुठून? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरला, नंतर मोजलं तर तो साधारण १/३५ निघाला. पुढे तेच स्केल जगभर रूढ झालं. म्हणजे अख्ख्या छंदाचं माप बॅटरीने ठरवलं.

रणगाड्यात डोकं खातात ती साखळीची पाती. टायगरला एका बाजूला ९६ कड्या, दोन्ही मिळून १९२. कड्या सुट्या असतील तर प्रत्येक कापायची, घासायची, जोडायची. वेळखाऊ काम आहे, पण रणगाडा दिलदार असतो. रंग जाड बसला, फट राहिली, तर वर चिखल लावा, गंज दाखवा. बघणाऱ्याला वाटतं, काय खरा दिसतोय!

जहाजाची अडचण वेगळीच. यामातो ही जपानी युद्धनौका २६३ मीटर लांब होती. १/७०० मध्ये ती साडेसदतीस सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि डेकवरचा खलाशी अडीच मिलिमीटरचा. आता कठड्याचा विचार करा. इंचभर जाडीचा पाइप ७०० पट लहान केला, तर तो केसाहूनही बारीक होतो. त्यामुळे पितळी पत्र्यातून कोरलेला कठडा कितीही नाजूक असला, तरी प्रमाणाने जाडच. तो चिमट्यात धरून वाकवायचा, चिकटवायचा आणि तेवढा वेळ शिंकायचं नाही. वर एकसारख्या डझनावारी तोफा. इथे हातापेक्षा संयम आधी संपतो.

मग सगळ्यात सोपी कार? भाग कमी, आकार मोठा, बहुतेकदा १/२४. मलाही असंच वाटलं होतं.

पण कारला चिखल लावता येत नाही. शोरूममधून काढल्यासारखी चमक हवी आणि त्या चमकीत धुळीचा एक कणसुद्धा डोंगराएवढा दिसतो. रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला, तर घासून पॉलिश करा. जास्त घासलं, तर कडेचा रंगच उडतो. शिवाय टायगर रणगाडा प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नसतो, कार मात्र रोज सगळेच बघतात. त्यामुळे काय चुकलंय हे घरी आलेल्या मावशीलाही कळतं.

त्यात आपला पाऊस. मी तीन आठवडे घासून गुळगुळीत केलेल्या लाल कारवर जुलैच्या एका संध्याकाळी लॅकरचा शेवटचा पारदर्शक थर मारला. दहा मिनिटांत कार दुधाळ! थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरातच अडकते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारायचं, तर कोरड्या दिवसाची वाट बघा किंवा हळू उडणारा थिनर वापरा. हे मला नंतर कळलं.

माणसांच्या पुतळ्यांचा विषय तर हार्डच. १/३५ मध्ये माणूस पाच सेंटीमीटरचा, डोळा एक मिलिमीटरहून लहान. बुबुळ जरा सरकलं, की शूर सैनिक तिरळा.

म्हणून कुणी पहिला किट कुठला घेऊ विचारलं, तर मी एकच पातं असलेला, म्हणजे साखळी अखंड रबरी पट्टीची असलेला रणगाडा सांगते. घाण झाली तरी शोभते. माझी लाल कार अजून कपाटात आहे, मागच्या बाजूने भिंतीकडे तोंड करून.